दोन त्रिकोणांची सावली

दातांच्या एक्स-रेमध्ये बाइटविंगइतका साधा दिसणारा दुसरा प्रकार नाही. मोठ्या माणसासाठीची फिल्म जेमतेम ३१ बाय ४१ मिलिमीटरची. तिच्यात मुळांची टोकं येत नाहीत, जबड्याचा सांधा येत नाही, आडव्या अक्कलदाढेसारखं डोळ्यांत भरणारं काही नसतं. रुग्ण फिल्मला जोडलेली छोटी पट्टी वरच्या-खालच्या दाढांत चावून धरतो, किरण गालाकडून आत जातात आणि फिल्मवर उमटतात ती दोन्ही ओळींतल्या दाढांची डोकी आणि त्यांच्या बुडाशी हाडाचा काठ. आपल्याकडे दवाखान्यात ‘फोटो काढू या’ म्हटलं की बहुतेक वेळा आयओपीए निघतो, म्हणजे एक-दोन दातांचा मुळासकट फोटो. दुखरी दाढ, सूज, रूट कॅनाल यांना तोच लागतो. बाइटविंग काढायचा तो न दुखणाऱ्या दाढांचा. म्हणून तो काढणारे थोडे, आणि मन लावून वाचणारे त्याहून थोडे. माझ्या मते मात्र कीड ओळखण्याच्या विद्येतलं सगळं देखणेपण आणि सगळी अवघड वळणं या एवढ्याशा चौकटीत आहेत.

‘डॉक्टर, दुखत तर नाही काही, मग फोटो कशाला?’ हा प्रश्न साताऱ्यात, कराडला, विट्यात, तासगावात सारखाच विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथे तोंडात घालायचा आरसा पोचत नाही आणि प्रोबचं टोकही नीट जात नाही. त्या टेकण्याच्या जागेच्या किंचित खाली, हिरडीच्या बाजूला, कीड सुरू होते. ब्रशचे केस तिथवर जात नाहीत. वरून पाहावं तर दाढ स्वच्छ. दुखायला लागते तेव्हा कीड बहुधा दाताच्या आतल्या मज्जेजवळ गेलेली असते, आणि भरून भागलं असतं तिथे रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च उभा राहतो.

अशी एक फिल्म उजेडावर धरू. उजवी बाजू, विशीतला तरुण, तक्रार काहीच नाही. कोपऱ्यातला उठावदार ठिपका आपल्या बाजूला फुगीर आहे ना, ते आधी बोटाने पाहायचं. तसा असला तर आपण रुग्णाच्या समोरून पाहतो आहोत. आरव्हीजीच्या, म्हणजे फिल्मऐवजी सेन्सर वापरणाऱ्या डिजिटल एक्स-रेच्या, पडद्यावर हा ठिपका नसतो आणि उजवं-डावं संगणकच सांगतो, पण ज्यांचे हात फिल्मवर तयार झाले त्यांना तो चाचपल्याशिवाय वाचन सुरू झालंसं वाटत नाही. खोलीतला उजेड कमी करायचा, फिल्मच्या कडेने येणारा प्रकाश काळ्या कागदाने अडवायचा आणि भिंग घ्यायचं. भर दुपारी खिडकीकडे फिल्म धरून दिलेल्या निदानावर मी विश्वास ठेवत नाही.

नवखा वाचक लगेच काळं शोधायला लागतो. जाणकार आधी पांढरं पाहतो. इनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, त्यामुळे किरण तिथे सर्वांत जास्त अडतात आणि ते दाढेवर शुभ्र टोपीसारखं दिसतं. त्याच्या आतल्या डेंटिनमध्ये खनिज सुमारे ७० टक्के, म्हणून ते करडं. मधली मज्जा मऊ, म्हणून काळी. पांढरं जिथे संपून करडं सुरू होतं ती सांधरेषा या चित्रातली सर्वांत महत्त्वाची रेषा. निरोगी दाढेत ती एका बाजूच्या मानेपासून निघून शेंड्यांखालून वळणं घेत दुसऱ्या मानेपर्यंत अखंड जाते. खाली दोन दाढांच्या मधे हाडाचा काठ दिसतो, इनॅमल संपतं तिथून एक ते दोन मिलिमीटर खाली. एवढं पाहून झालं की टेकण्याच्या जागा तपासायच्या. किरणांचा आडवा कोन चुकला असेल तर शेजारच्या दोन दाढांचं इनॅमल एकावर एक चढतं आणि नेमकी हवी ती जागा झाकली जाते. अशा फिल्मवर अंदाज बांधत बसण्यापेक्षा ती बाजूला ठेवून दुसरी काढावी. आरव्हीजीवर अशा एका फोटोचा किरणोत्सर्ग आपल्याला निसर्गातून रोज मिळतो त्याच्याच आसपासचा किंवा त्याहून कमी. कारणाशिवाय तेवढाही घेऊ नये हे खरं, पण न वाचता येणारा फोटो काढला तर घेतलेला तेवढाही वाया गेला.

आपल्या फिल्मवर टेकण्याच्या जागा मोकळ्या आहेत. खालच्या दुसऱ्या उपदाढेची मागची कडा पाहू. टेकण्याच्या जागेच्या जरा खाली पांढऱ्या टोपीत एक करडी खाच आहे. तिचा पाया बाहेर, दाताच्या पृष्ठभागावर. निमुळतं टोक आत, सांधरेषेकडे. हा पहिला त्रिकोण. आता त्याच उंचीवर शेजारच्या पहिल्या दाढेची पुढची कडा पाहावी. तिथेही तसाच त्रिकोण आहे, पण त्याचं टोक सांधरेषेला पोचलेलं आहे, आणि तिथून पुढे डेंटिनमध्ये दुसरी सावली पसरली आहे. हिचा पाया सांधरेषेवर लांबट पसरलेला आणि टोक मज्जेकडे. एका त्रिकोणाच्या टोकाशी दुसऱ्याचा पाया. एकमेकांना टेकलेल्या दोन दातांवर, एकाच अन्नाच्या आणि एकाच लाळेच्या शेजारात, आजाराचे दोन टप्पे एकाच वेळी दिसतात. असं चित्र समोर आलं की मी पुढची फिल्म लगेच उचलत नाही.

हा आकार मला सुंदर वाटतो, कारण तो दाताच्या घडणीतून येतो. इनॅमल ही सलग काच नव्हे. ते सांधरेषेपासून पृष्ठभागाकडे गेलेल्या अतिसूक्ष्म दांड्यांचं बनलेलं असतं. दाढेच्या गुळगुळीत बाजूंवर या दांड्या आत जाताना एकमेकींच्या जवळ येतात. आम्ल त्यांच्या वाटेने आत उतरतं, म्हणून सावली निमुळती होत जाते. सांधरेषेवर कमी खनिजाचं डेंटिन भेटतं. तिथे कीड आधी आडवी पसरते आणि मग डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्यांच्या दिशेने मज्जेकडे वळते. चघळायच्या पृष्ठभागावरच्या खाचांमध्ये दांड्या उलट पसरत जातात, म्हणून तिथे त्रिकोणही उलटा असतो आणि त्याचा पाया आत, सांधरेषेकडे जातो. गंमत अशी की तो उलटा त्रिकोण एक्स-रेवर सहसा दिसतच नाही. गालाकडचं आणि जिभेकडचं भक्कम इनॅमल त्याच्यावर पडदा धरतं. तो डेंटिनमध्ये शिरला की मग सांधरेषेखाली पातळ काळा पट्टा उमटतो. चघळायच्या बाजूची कीड डोळ्याने पाहायची आणि दोन दाढांमधली फिल्मवर वाचायची, हा भेद जुना आहे आणि आजही खरा आहे.

आता खोट्या सावल्या. या ओळखता येणं हाच या वाचनाचा खरा रस आहे, असं मला वाटतं.

पहिली मानेवरची. इनॅमलची टोपी संपते आणि हाडाचा काठ सुरू होतो, त्यामधल्या अरुंद पट्ट्यात किरणांना अडवायला ना इनॅमल ना हाड. तिथे किरण जास्त पोचतात आणि दाताच्या कडेला काळसर पाचर दिसते, अगदी किडीसारखी. तिच्यात आणि किडीत फरक कसा करायचा? पाचर कुठे आहे ते पाहावं. टेकण्याच्या जागेखालची कीड इनॅमलमधूनच आत जाते. ही पाचर टोपी आणि हाड यांच्या बरोबर मधे बसते. मुळाची बाह्यरेषा सावलीतून निरखली तर ती अखंड सापडते. तरीही शंका उरली तर किरणांचा कोन थोडा बदलून दुसरा फोटो काढावा. पाचर असेल तर ती फिकी होते किंवा नाहीशी होते. कीड तिथेच राहते.

दुसरी सावली फिल्मवर नसतेच, ती आपल्या डोळ्यात असते. उजळ पृष्ठभाग आणि गडद पृष्ठभाग शेजारी आले की मधल्या रेषेवर डोळा स्वतःच एक जास्त काळी कड रंगवतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हा भ्रम वर्णन केला, आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. इनॅमल इतकं उजळ असतं की सांधरेषेखाली डेंटिनमध्ये ही बनावट काळी कड हमखास दिसते, आणि घाईत असलेला डॉक्टर तिला डेंटिनमधली कीड समजतो. उपाय सोपा आहे. फिल्मच्या पाकिटात असतो तसा काळा कागद घेऊन पांढरं इनॅमल झाकून टाकायचं. भ्रम असेल तर कड विरघळते. खरी कीड तशीच राहते. एका शंकास्पद जागेवर मिनिटभर कागद धरून बसणारा माणूस दिसला की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

तिसरी सावली आपल्या भागातली म्हणावी अशी आहे. खेड्यांतल्या अनेक बायका आजही दातांना मिश्री लावतात, भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर घासतात. वर्षानुवर्षं घासून गालाकडच्या बाजूला, दाताच्या मानेशी, खाच पडते. अशा आजींच्या फिल्मवर मानेजवळ अर्धचंद्राकृती काळी सावली दिसते. पुस्तकातली मुळाची कीडही मानेखाली बशीच्या आकाराची असते, आणि दोघींची गल्लत सहज होते. फरक कडेचा. घासून पडलेल्या खाचेच्या कडा रेखीव, आत-बाहेर स्पष्ट. किडीच्या कडा धूसर, कुरतडलेल्या. आजींना तोंड उघडायला लावून एकदा बोट फिरवलं की बाकीचं कळतं. गुळगुळीत आणि टणक असेल तर खाच, मऊ लागली तर कीड. फिल्म आणि तोंड एकत्र वाचायचं ते यासाठी. एकटी फिल्म हे अर्धंच वाक्य असतं.

जुन्या भरण्यांचीही काळजी घ्यावी लागते. आजच्या कॉम्पोझिटमध्ये बेरियमसारख्या जड मूलद्रव्याची काच घातलेली असते, म्हणून ते पांढरं दिसतं. पूर्वीची काही साहित्यं आणि भरण्याखाली घालायचे काही लेप फिल्मवर काळे दिसायचे. भरलेल्या खड्ड्याच्या तळाशी सरळ, रेखीव कडेचा काळा पट्टा असेल तर तो लेप असण्याचीच शक्यता जास्त. चांदीच्या भरण्याच्या कडेला मात्र सावली पसरट आणि धूसर असेल, तर भरण्याखाली पुन्हा कीड शिरलेली आहे असं मानून पुढे जावं.

खऱ्या-खोट्याची निवड झाल्यावर उरते ती सर्वांत कठीण गोष्ट: दिसलेल्या सावलीवर किती विश्वास ठेवायचा. किरण दाढेच्या गालाकडून जिभेकडे, सगळ्या जाडीतून जातात. मधे कुठेतरी लहानशी कीड असली तर तिच्या मागचं-पुढचं निरोगी इनॅमल तिला पुसून टाकतं. म्हणून खनिजाचा साधारण ३० ते ४० टक्के भाग गेल्याशिवाय फिल्मवर काही उमटत नाही. दातात कीड नेहमी फिल्मपेक्षा पुढे गेलेली असते. आपल्या फिल्मवर उपदाढेचा त्रिकोण इनॅमलच्या निम्म्यापलीकडे दिसतो, तर प्रत्यक्षात तो सांधरेषेच्या आसपास असावा.

हे ऐकून कोणाचाही हात ड्रिलकडे जाईल, आणि तिथेच थांबायला हवं. फिल्म खनिज किती गेलं ते सांगते. पृष्ठभाग फुटला आहे का ते सांगत नाही. सुरुवातीच्या किडीत वरचा पातळ थर शाबूत असतो आणि खनिज त्याच्याखालून जात असतं. तो थर शाबूत असेपर्यंत जीवाणूंना आत जागा नसते, आणि लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट फ्लोराइडच्या मदतीने पुन्हा आत बसू शकतं. म्हणून जाणकार सावलीची खोली मोजून लिहितात: ई-१ म्हणजे इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्यात, ई-२ आतल्या अर्ध्यात, डी-१, डी-२, डी-३ म्हणजे डेंटिनच्या बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या तिसऱ्या भागात. आपली उपदाढ ई-२. तिला ड्रिल लावायचं नाही. दातांच्या फटीत ब्रश किंवा दोरा, फ्लोराइडचा लेप, टूथपेस्ट फ्लोराइडची. आणि हवं असेल तर त्या सच्छिद्र इनॅमलमध्ये पातळ रेझिन मुरवायची पद्धतही आता आहे. दाढ डी-१ आहे. इथे दोन मतं संभवतात आणि मला ती दोन्ही प्रामाणिक वाटतात. माझा कल असा की दोन दातांमधे रबरी सेपरेटर दोन-तीन दिवस ठेवावा, फट उघडली की डोळ्याने पाहावं. खड्डा पडला असेल तर भरावं. पृष्ठभाग सलग असेल तर थांबून लक्ष ठेवावं. डी-२ आणि डी-३ यांच्याबाबत असं रेंगाळू नये.

शंभर वर्षांपूर्वी हा संयम कोणालाच पटला नसता. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांच्या १९०८ च्या ग्रंथाने दंतवैद्यकाच्या कितीतरी पिढ्यांना शिकवलं की कीड सापडली की आसपासचा निरोगी भागही कोरून घ्या, म्हणजे पुन्हा लागणार नाही. फ्लोराइड वापरात नव्हतं तेव्हा त्यात तथ्य होतं. आज नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा एक हलका हात देतो. कधी थांबायचं हे कळण्यात त्याचं सगळं कसब असतं, कारण घासून गेलेलं परत येत नाही. इनॅमलही परत येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात.

या चित्रासाठी जी किंमत मोजावी लागली, तीही रसिकाला ठाऊक असावी. विल्यम वॉनलेस यांचं मिरजेतलं हॉस्पिटल १८९४ मध्ये उघडलं तेव्हा एक्स-रे जगात कुठेच नव्हता. राँटगेनला तो नोव्हेंबर १८९५ मध्ये गवसला, आणि जानेवारी १८९६ मध्ये ऑटो वाल्कहोफ याने जर्मनीत स्वतःच्या तोंडात काचेची पट्टी धरून, २५ मिनिटं जमिनीवर निश्चल पडून, दातांचा पहिला फोटो काढला. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये एडमंड केल्स याने आपल्या दवाखान्यात हे काम सुरू केलं. नळीतले किरण बरोबर आहेत का, हे तो रोज स्वतःचा हात मधे धरून पाहत असे. त्याची बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये वेदनांना कंटाळून त्याने जीवन संपवलं. दाढेत चावून धरायची ही बाइटविंग फिल्म हॉवर्ड रेपर याने १९२५ मध्ये आणली, खास या दोन दाढांमधल्या किडीसाठी. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये आरव्हीजी आली आणि डेव्हलपर-फिक्सरचा वास दवाखान्यांतून हळूहळू गेला.

आता वाचनात संगणकही आला आहे. हजारो फिल्मवर डॉक्टरांनी काढलेल्या खुणा दाखवून त्याला शिकवतात, आणि तो नव्या फिल्मवर किडीभोवती चौकट काढतो. मी त्याचं स्वागत करतो. दिवसभराच्या थकव्यात डोळ्याने सोडलेली ई-२ तो दाखवून देऊ शकतो. पण त्याच्या शिक्षणात ज्या खुणा होत्या त्या माणसांच्याच, आणि मानेवरची पाचर जर काही फिल्मवर कीड म्हणून शिकवली गेली असेल तर ती चूक तो न थकता करत राहील. तोंडात बोट फिरवून खाच टणक आहे का मऊ हे तो सांगू शकत नाही. सांगलीचं भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज, कवलापूरचं वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज, कराडचं स्कूल ऑफ डेंटल सायन्सेस, इथे शिकणाऱ्या मुला-मुलींनी आधी पाचशे फिल्म उघड्या डोळ्याने वाचाव्यात आणि मग चौकटी पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे.

ऊस, गूळ, बेदाणे, कंदी पेढे यांच्या मुलखात कीड असणारच, असं कोणी म्हणतं तेव्हा मला थोडं थांबवावंसं वाटतं. स्वीडनमध्ये विपेहोल्म इथे १९४५ नंतर झालेल्या अभ्यासाने दाखवलं की एकूण गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि ते दाताला किती चिकटलं याला महत्त्व जास्त. (तो अभ्यास बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय झाला, हेही त्याच्यासोबत लिहिलं जावं.) दर वेळी गोड तोंडात गेलं की दातावरच्या थरातली आम्लता वाढते; साडेपाचच्या खाली पीएच गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि लाळेला तो सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. सणाला खाल्लेल्या पेढ्यापेक्षा दिवसातून सहा वेळा घेतलेला साखरेचा चहा-बिस्किट त्या त्रिकोणाला जास्त पोसतो.

आणि शेवटी काळ. एक फिल्म एका दिवसाची. तीच बाजू, तोच होल्डर, तोच कोन ठेवून पुढची फिल्म काढली, कीड लागण्याची जोखीम जास्त असेल तर सहा महिने ते दीड वर्षाने, कमी असेल तर मोठ्या माणसाला दोन-तीन वर्षांनी, की मग दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. ई-२ ची ई-२ राहिली तर उपचार लागू पडतोय. डी-१ झाली तर बेत बदलायचा. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांत इनॅमल पातळ असतं, तिथे हा प्रवास फार झपाट्याने होतो आणि थांबण्याची मुदतही तोकडी धरावी लागते. ही तुलना जमावी म्हणून जुना फोटो हातात लागतो, आणि आपल्याकडे तो बहुधा हरवलेला असतो. फिल्म असेल तर तिचा फिक्सर नीट धुतलेला हवा, नाहीतर काही वर्षांत ती तपकिरी पडते आणि इनॅमलमधल्या फिकट सावल्या आधी जातात. आरव्हीजी असेल तर मूळ फाइल रुग्णाच्या हाती द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो आकाराने लहान करताना नेमक्या कडा मऊ होतात, आणि साताऱ्यात काढलेल्या फोटोवरची ई-२ सांगलीच्या डॉक्टरला दिसत नाही.